किड्स मील पुरत नाही, मोठा कॉम्बो संपत नाही: मधल्या वयातल्या पोरांचं करायचं काय?

घोडबंदर रोडवरच्या एका मॉलमधला रविवार संध्याकाळचा फूड कोर्ट. टेबल मिळवायला बायको एका खाणाऱ्या फॅमिलीच्या डोक्यावर उभी, मी लाइनीत, आणि आमचे चिरंजीव, वय वर्षं १०, मला लांबून हातवारे करून सांगतायत की खेळणं निळंच घे. नेहमीचा लहान मुलांचा बॉक्स घेतला. सात मिनिटांत साफ. मग त्याने बॉक्स उलटा केला, कोपऱ्यात अडकलेला फ्राइजचा चुरा बोट ओलं करून टिपून टिपून खाल्ला, आणि त्यानंतर हात मांडीवर ठेवून माझ्या ट्रेकडे बघत बसला. मागत नाही हां, नुसतं बघतो. ज्यांच्या घरात या वयाचं पोर आहे त्यांना ती नजर माहितीये. मी अर्धा बर्गर तोडून दिला.

बायको म्हणाली आता याला मोठ्यांचाच कॉम्बो घ्यायला लागेल. पुढच्या खेपेला घेतला. तर कोल्ड्रिंक पूर्ण संपलं, बर्गर संपला, फ्राइज निम्म्या राहिल्या त्या मी खाल्ल्या, रात्री नऊला पोराने पानावर बसायला नकार दिला आणि अकरा वाजता लाइट बंद केल्यावर अंधारातून आवाज, बाबा भूक लागली.

आता यावर घरात दोन पार्ट्या. माझी आई म्हणते वाढतं अंग आहे, खाऊ दे त्याला, तू त्याच्या वयाचा असताना सहा पोळ्या खायचास. बायको म्हणते वाढतं अंग वगैरे काही नाही, जिभेचे चोचले आहेत, भूक असती तर पोळीभाजी खाल्ली असती. मी मधे. म्हणून म्हटलं जरा नीट समजून घेऊ, की पोरगं किड्स मीलमधून बाहेर कधी पडतं, आणि बाहेर पडल्यावर थेट मोठ्यांच्या ट्रेमधेच का जाऊन पडतं, मधे पायरीच का नाही. थोडं वाचलं, थोडा हिशोब केला, आणि दोघी बरोबर निघाल्या, त्यामुळे घरात सध्या शांतता आहे.

आधी हा लहान मुलांचा बॉक्स आला कुठून ते बघा, कारण गंमत तिथेच आहे. १९७० च्या दशकात ग्वाटेमालात योलांडा फर्नांडेझ दे कोफिन्यो नावाची बाई नवऱ्याबरोबर मॅकडोनाल्ड्स चालवायची. तिच्या लक्षात आलं की आया मुलांसाठी मोठ्यांचं खाणं घेतात आणि मुलांना ते संपत नाही, टाकलं जातं. म्हणून तिने छोटा बर्गर, छोट्या फ्राइज आणि छोटं आइस्क्रीम असा मुलांचा वेगळा मेन्यू काढला. पुढे १९७९ मध्ये अमेरिकेत हॅपी मील देशभर सुरू झालं, सर्कशीच्या गाडीसारखं चित्र असलेला डबा, आत खेळणं. म्हणजे मूळ प्रश्न काय होता, तर मोठ्यांचं खाणं लहानांना जास्त होतं. तो सुटला. पण तेच लहान मूल चार वर्षांनी त्या डब्यात मावेनासं झालं की काय करायचं याचा फारसा कोणी विचार केला नाही. एकदा केला होता म्हणा, अमेरिकेत २००१ मध्ये मॅकडोनाल्ड्सने मायटी किड्स मील आणलं होतं, जरा मोठ्या मुलांसाठी, डब्यात थोडं जास्त खाणं. तेही पुढे बंद झालं.

उलट डबा आणखी लहान झाला. लहान मुलांमधल्या लठ्ठपणावरून तिकडे बरीच ओरड झाल्यावर कंपनीने २०११ मध्ये जाहीर केलं की हॅपी मीलमधल्या फ्राइज निम्म्याहून कमी करणार आणि सफरचंदाच्या फोडी देणार. सॅन फ्रान्सिस्को शहराने तर २०१० मध्ये नियमच केला की ६०० कॅलरीच्या वरच्या जेवणाबरोबर फुकट खेळणं द्यायचं नाही, तर तिथल्या दुकानांनी खेळण्याचे १० सेंट वेगळे लावायला सुरुवात केली. आपल्याकडची पोरं असती तर १० सेंट देऊन नुसतं खेळणंच घेऊन आली असती.

आणि दुसऱ्या बाजूला मोठ्यांचा ट्रे मात्र फुगत गेला. १९५५ मध्ये मॅकडोनाल्ड्समध्ये फ्राइजचा एकच साइज होता, साधारण ६८ ग्रॅमचा, आणि कोल्ड्रिंकचा ग्लास २०० मिलीच्या आसपास. हे मोठ्या माणसाचं खाणं हां, दिवसभर काम करून आलेल्या. आज आपल्याकडे ज्याला रेग्युलर फ्राइज म्हणतात, जी आपण तोंड वाकडं करून घेतो की एवढीशीच, ती साधारण ७५ ग्रॅमच्या घरात असते. म्हणजे आजचा लहान साइज हा आजोबांच्या वेळचा फुल साइज. त्यामुळे डब्यावर किड्स लिहिलंय, रेग्युलर लिहिलंय की मीडियम, याच्याकडे मापं म्हणून बघूच नका. ती नुसती नावं आहेत, चहाच्या टपरीवरच्या कटिंगसारखी, ठाण्याला वेगळा ग्लास आणि वाशीला वेगळा.

आता पोराच्या पोटाकडे येऊ. हैदराबादला राष्ट्रीय पोषण संस्था आहे, आयसीएमआरची म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, ती भारतातल्या माणसांना वयाप्रमाणे किती खाणं लागतं त्याचे आकडे काढते. २०२० चे आकडे असे आहेत. ४ ते ६ वर्षांच्या मुलाला दिवसाला १३६० कॅलरी. ७ ते ९ ला १७००. १० ते १२ च्या मुलाला २२२०, मुलीला २०६०. १३ ते १५ च्या मुलाला २८६०, मुलीला २४००. आणि आता श्वास रोखा, दिवसभर खुर्चीत बसून काम करणाऱ्या मोठ्या पुरुषाला, म्हणजे मला, २११०. बसून काम करणाऱ्या बाईला १६६०.

हे मी दोनदा तपासलं. दहा वर्षांचं पोरगं, जे रेल्वेत हाफ तिकिटात जातं, त्याला बापापेक्षा जास्त खायला लागतं. आणि दहावीतलं पोर तर मोलमजुरी नाही पण बऱ्यापैकी उभं राहून फिरून काम करणाऱ्या मोठ्या माणसाच्याही पुढे जातं, त्या माणसाचा आकडा २७१० आहे. यात एक मेख आहे, मुलांचे आकडे हे खेळणाऱ्या-बागडणाऱ्या मुलाचे धरलेत. संध्याकाळी दोन तास फुटबॉल किंवा पोहायचा क्लास करून येणारं पोर आणि शाळेतून येऊन टॅब घेऊन सोफ्यात रुतणारं पोर, दोघांना एकच माप लागणार नाही. पण आईचा मुद्दा सिद्ध झाला. सहा पोळ्यांचा.

एवढं लागतं कशाला, तर उंचीला. पाच ते दहा वर्षांत मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटीमीटर वाढतं, एकदम शिस्तीत. मग एक उसळी येते. मुलींची साधारण साडेअकरा-बाराच्या सुमाराला, तेव्हा वर्षाला ८ सेंटीमीटरच्या आसपास, आणि मुलांची दोनेक वर्षं उशिरा, साडेतेरा-चौदाला, ९ किंवा त्याहून जरा जास्त. म्हणून सहावी-सातवीच्या वर्गाच्या फोटोत मुली उंच आणि मुलं त्यांच्या खांद्याला, आणि नववीत सगळं उलटं. माझ्या ताईची मुलगी नेरूळला असते, बारा पूर्ण, तिने मे महिन्यात घेतलेली शाळेची सलवार दिवाळीला घोट्याच्या वर होती. ती सीवूड्सला आमच्याबरोबर खायला येते तेव्हा लहान मुलांचा बॉक्स समोर ठेवायची कोणाची हिंमत नाही, पण लोक अजून तिला विचारतात, बाळा तुला किड्स मील का? मुलगी आहे, कमी खाईल, हा जो आपला समज आहे ना, तो नेमका या वयात सगळ्यात चुकीचा. तिची वाढ आधी सुरू होते, भूकही आधी उघडते, आणि १० ते १२ च्या मुलीला लोह तर मुलापेक्षा बरंच जास्त लागतं, तिला २८ मिलिग्रॅम आणि त्याला १६. भाऊ लहान असून त्याला अख्खा बर्गर आणि तिला अर्धा, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय, लांब नको, आमच्याच टेबलावर.

बरं, मग पोराला जास्त लागतं तर मोठा कॉम्बो घेऊन टाकावा, प्रॉब्लेम काय? प्रॉब्लेम उडीचा आहे. नीट बघा.

आता मोठ्या चेनवाल्यांना मेन्यूवर कॅलरी लिहाव्याच लागतात, एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे, ज्यांची १० किंवा जास्त ठिकाणी दुकानं आहेत त्यांना, २०२२ च्या जुलैपासून. बारीक अक्षरात असतं, किमतीच्या बाजूला, कोणी बघत नाही. आपल्या मॅकडोनाल्ड्सचे जाहीर आकडे गोल करून घेऊ. आलू टिक्की बर्गर साधारण ३४०. रेग्युलर फ्राइज २२५. झाले ५६५. हा झाला साधारण लहान पोराचा घास, कोल्ड्रिंक सोडून. आता मोठ्यांचा, मसालेदार पनीरचा बर्गर साधारण ६५०, मीडियम फ्राइज ३२०. झाले ९७०. म्हणजे एका पायरीत सत्तर टक्क्यांच्या वर उडी. वर कोलाचा मोठा ग्लास, ३०० मिली कोला पोटात गेला तर ३० ग्रॅमच्या वर साखर, ती वेगळीच.

आणि पोराची गरज किती वाढली? १७०० वरून २२२०, म्हणजे तीस टक्के. मुलीची १७०० वरून २०६०, म्हणजे एकवीस. गरज तीस टक्के वाढली आणि ट्रे सत्तर टक्के. एवढंच आहे सगळं दुखणं. जिन्याला पहिली पायरी आहे आणि एकदम तिसरी, मधली मिस्त्रीने बांधलीच नाही. पोरगं पहिलीवर उभं राहिलं तर उपाशी आणि तिसरीवर चढलं तर रात्रीचं जेवण बुडालं.

मीठही असंच. आलू टिक्कीवाल्यात सोडियम ५५० मिलिग्रॅमच्या आसपास, पनीरवाल्यात हजाराच्या वर, जवळपास दुप्पट. मोठ्या माणसाने दिवसभरात सोडियम २००० च्या खाली ठेवावं असं डब्ल्यूएचओ म्हणतं, म्हणजे मीठ ५ ग्रॅमच्या आत, आणि लहान मुलांना त्याहून कमी. एका बर्गरमध्ये निम्मा कोटा गेला. आणि त्याच मेन्यूच्या खाली लिहिलेलं असतं की मोठ्या माणसाला दिवसाला सरासरी २००० कॅलरी लागतात. पोरांचा आकडा तिथे नसतोच, तो आपण डोक्यात ठेवून जायचा.

मग मधली पायरी आपण बांधायची. सोपं आहे, कॉम्बोचं बटण दाबायचं नाही, सुटं घ्यायचं. तोच आलू टिक्की, त्याच रेग्युलर फ्राइज, आणि वर चार चिकन नगेट्स, ते साधारण १७०. झाले ७३५. गंमत बघा, ५६५ च्या बरोब्बर तीस टक्के वर. शिवाय नगेट्समधून दहाएक ग्रॅम प्रोटीन आलं. आणि शाकाहारी असाल तर फ्राइज सोडून द्यायच्या आणि आलू टिक्की दोन घ्यायचे, ६८०, वीस टक्के वर. दोन बर्गर ऐकायला राक्षसी वाटतं, काउंटरवरचा मुलगाही वर बघतो, पण एका मोठ्या कॉम्बोपेक्षा हे बरंच कमी आहे. आकडे रेसिपीप्रमाणे थोडे इकडेतिकडे होतात, बोर्डावर बघून घ्या, पण हिशोबाची पद्धत हीच.

प्रोटीनचं मी मुद्दाम म्हटलं. ७ ते ९ ला दिवसाला २३ ग्रॅम लागतं, १० ते १२ च्या मुलाला ३२. कॅलरीपेक्षाही ही वाढ मोठी आहे. आणि आपण मोठं करताना काय मोठं करतो, तर फ्राइज आणि कोला, कारण काउंटरवर तेच विचारतात, सर मीडियम करू का लार्ज, फक्त एवढे रुपये जास्त. मैदा, बटाटा आणि साखर यांच्यावर पोट फुगतं पटकन आणि रिकामंही पटकन होतं, अकरा वाजताचा बाबा भूक लागली तिथून येतो.

हे फक्त एवढे रुपये जास्त कुठून आलं तेही सांगतो, मला फार आवडलेली गोष्ट आहे. अमेरिकेत डेव्हिड वॉलरस्टीन नावाचे गृहस्थ थिएटरच्या धंद्यात होते. पॉपकॉर्न विकायचं होतं जास्त, पण लोक दुसरं पाकीट घेईनात. त्यांच्या लक्षात आलं की लोकांना हवं असतं पण दुसऱ्यांदा उठून जाऊन घ्यायची लाज वाटते, अधाशी दिसू म्हणून. मग त्यांनी एकच मोठं पाकीट काढलं. लोकांनी ते घेतलं आणि संपवलं. हेच गृहस्थ पुढे मॅकडोनाल्ड्सच्या संचालक मंडळावर गेले आणि तिथे मोठ्या फ्राइजचा आग्रह धरला. दुकानाचं काय जातं, भाडं तेच, पगार तेच, लाइटबिल तेच, वरचा मूठभर बटाटा आणि तेल, त्याचे वीस-तीस रुपये आले तर बहुतेक नफाच. त्यामुळे मधला साइज दुकानाला परवडत नाही असं नाही, पण त्यात गंमतही नाही.

आता बायकोची बाजू. जिभेचे चोचले.

पेनसिल्व्हेनियात एक अभ्यास झाला होता, २००० साली छापून आला, बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. छोट्या मुलांना मॅकरोनी चीज दिलं, कधी कमी, कधी मध्यम, कधी भरपूर. तीन वर्षांच्या मुलांनी ताटात कितीही असलं तरी जवळपास तेवढंच खाल्लं. पाच वर्षांची मुलं मात्र ताटात जास्त वाढलं की जास्त खायला लागली. म्हणजे तीन वर्षांचं पोर पोटाचं ऐकतं आणि पाचव्या वर्षापर्यंत डोळ्यांचं ऐकायला शिकलेलं असतं. आपल्यात म्हणतात ना पोट भरलं पण डोळे भरले नाहीत, ते हेच. त्यामुळे मोठा कॉम्बो समोर ठेवला आणि पोराने संपवला, म्हणून त्याला तेवढा लागत होता असं सिद्ध होत नाही. ठेवला म्हणून खाल्ला. आणि हे शिकवतो कोण तर आपणच. खाऊन माजावं पण टाकून माजू नये, हे ऐकत मी मोठा झालो, ताटात शीत उरलं तर आजी बोट दाखवायची. चांगलीच शिकवण आहे, पण ती घरच्या ताटासाठी होती, जिथे पोळी एकेक वाढायचे आणि नको म्हटलं की थांबायचे. फूड कोर्टात माप दुकानदाराने ठरवलेलं, आणि संपवायची जबाबदारी पोराची, हा सौदा बरोबर नाही. उरलेलं कागदात बांधून घरी आणायचं, फ्राइज सोडून, त्या घरी आणल्यावर दोऱ्यासारख्या होतात.

आमच्याकडे एक टेस्ट आहे, बायकोने काढलेली, कुठल्या पुस्तकात नाही. वरणभात टेस्ट. पोरगं म्हणालं अजून भूक आहे, तर विचारायचं, घरी जाऊन गरम वरणभात तूप खाशील? हो म्हणाला तर भूक खरी, त्याला तिथेच आणखी काहीतरी घ्या, उपाशी कशाला न्यायचं. नाही म्हणाला, फक्त फ्राइजच पाहिजेत म्हणाला, तर ती जिभेची. दहातल्या आठ वेळा बरोबर येते. उरलेल्या दोन वेळा पोरगं वरणभात म्हणजे काय चाललंय हे ओळखून खोटं हो म्हणतं, हल्ली हुशार झालाय.

आणि घाई करू नका. पोट भरल्याचा निरोप डोक्यापर्यंत पोचायला वीसेक मिनिटं लागतात असं म्हणतात, आणि पोरं खातात सात मिनिटांत. म्हणून आम्ही आता ऑर्डर दोन हप्त्यांत देतो. पहिल्यांदा बर्गर आणि फ्राइज, पाणी. मग आमचं मोठ्यांचं चालू असतं, गप्पा होतात, आणि पंधरा-वीस मिनिटांनी विचारायचं अजून काय. निम्म्या वेळा तो विसरलेला असतो. निम्म्या वेळा उठून स्वतः नगेट्स घेऊन येतो. परत लाइनीत उभं राहायचा कंटाळा येतो हे खरं, रविवारी तर फारच, पण त्या वॉलरस्टीनचा मंत्र उलटा वापरल्यासारखं आहे, दुसऱ्यांदा उठावं लागलं की माणूस विचार करतो.

एका रविवारच्या जेवणावरून काही ठरवूही नका. लिअन बर्च नावाच्या संशोधक होत्या, त्यांनी १९९१ मध्ये २ ते ५ वर्षांच्या मुलांचं दिवसभराचं खाणं मोजलं होतं, तर एकेका जेवणात प्रचंड चढउतार, पण अख्ख्या दिवसाची बेरीज जवळपास स्थिर. सकाळी कमी खाल्लं तर दुपारी भरून काढतात. मोठी झाल्यावर हे जरा बिघडतं, पण अगदी जात नाही. तेव्हा पोराने एक दिवस बॉक्स चाटूनपुसून खाल्ला म्हणजे त्याचं बालपण संपलं असं नाही, क्लासला पोहून आला असेल. महिनाभर बघा. सलग चार-पाच वेळा बॉक्स पुरला नाही, घरी पोळ्या वाढल्यात, बूट लहान झाले, तर मग समजा.

पिझ्झावाल्यांचा हिशोब वेगळा आहे आणि तिथे आपण सगळेच फसतो. ७ इंची रेग्युलर आणि १० इंची मीडियम. वाटतं काय, तीन इंच जास्त, म्हणजे दीडपट असेल. नाही. पिझ्झा गोल असतो, तेव्हा ७ गुणिले ७ म्हणजे ४९, आणि १० गुणिले १० म्हणजे १००. दुप्पट. सातवीत शिकलेलं वर्तुळाचं क्षेत्रफळ आयुष्यात एकदा कामाला आलं. म्हणजे रेग्युलर एकट्याने संपवणाऱ्या पोराला मीडियम दिला तर तुम्ही त्याला दोन पिझ्झे दिले. त्यापेक्षा मीडियम दोघांत, आणि त्याला एखादा तुकडा जास्त. तुकड्यांत मोजलं की भांडणं होतात पण अंदाज चुकत नाही.

आणि इथे मला आपल्या खाण्याचं कौतुक वाटतं. वडापावला किड्स मील आहे का? नाही. पोरगं लहान असतं तेव्हा आईच्या वड्यातला मऊ भाग खातं, मग अर्धा, मग बिनमिरचीचा एक, मग एक आणि वर नुसता पाव, मग दोन. ठाण्यात कुंजविहारचा वडा एवढा मोठा असतो की तिथे ही शिडी आणखी लांब होते, आमच्याकडे तो अजून दोघांत एकच घेतात. इडलीचं तसंच, दोन, मग तीन. चायनीजच्या गाडीवर हाफ आणि फुल. उडप्याकडे सूप वन बाय टू. मामलेदारला मिसळीबरोबर पाव वाढवत जायचे. आपलं खाणं नगावर आणि वाटीवर चालतं, त्यामुळे पोरगं कधी मोठं झालं ते कोणाला ठरवावं लागत नाही, एक पाव जास्त मागितला की कळतं. काउंटरवर सुटं सुटं मागायचं म्हणतोय ते दुसरं काही नाही, बर्गरवाल्याकडे जाऊन वडापावसारखं खाणं आहे.

नियमांचं विचाराल तर एकवाक्यता कुठेच नाही. एसटीत ५ ते १२ हाफ तिकीट. रेल्वेतही ५ ते १२, पण लांबच्या गाडीत वेगळी बर्थ हवी असेल तर २०१६ पासून पूर्ण भाडं. बर्गरवाल्याकडे वय कोणी विचारत नाही, मी चाळिशीत दोनदा स्वतःसाठी लहान मुलांचा बॉक्स घेतलाय, एकदा डाएट म्हणून, एकदा खेळण्यासाठी. कटकट फक्त बफेवाल्यांकडे. वाशीला एका ठिकाणी कॅप्टनने ताईच्या मुलीला, तेव्हा ती नऊची होती, भिंतीला उभं करून बघितलं आणि म्हणाला मॅडम ही बारापेक्षा मोठी आहे, फुल लागेल. ताईने मोबाइलमधून आधार काढून दाखवलं. मग मुलीने बदला म्हणून फक्त पापड आणि गुलाबजाम खाल्ले, म्हणजे हाफमध्येही नुकसान आमचंच. बफेला जायच्या आधी फोन करून वयाची अट आहे की उंचीची ते विचारून घ्या, एवढंच सांगेन.

खेळण्याचा भाग मात्र जरा हळवा आहे, त्याच्यावर घाई नको. दहा-अकराच्या पोरांना पोटाने डबा पुरत नसतो पण मनाने सुटलेला नसतो. आमचा घरच्यांबरोबर असला की निळंच पाहिजे, आणि वर्गातली पोरं बरोबर असली की, बाबा मला नको ते लहान मुलांचं. अशा वेळी तू मोठा झालास ना आता असं चारचौघांत म्हणायचं नाही, आणि अजून खेळणं लागतं का तुला असंही नाही. मेन्यू त्याच्या हातात द्या, बजेट सांगा, अमुक रुपयांत काय बसवतोस बसव. पोरं हिशोब पटकन करतात, आपल्यापेक्षा चांगला.

एक गंभीर गोष्ट, थोडक्यात. भूक वाढली आणि त्याबरोबर उंचीही वाढतेय तर काळजी नाही. पण भूक वाढली, सारखी तहान लागते, रात्री लघवीला उठतो, आणि वजन मात्र उतरतंय, असं असेल तर वाढतं अंग म्हणून सोडून देऊ नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन रक्तातली साखर बघून घ्या, मुलांमधला डायबिटीस असा सुरू होतो. आणि वजन उंचीच्या पुढे पळतंय असं वाटलं तर मुलांच्या डॉक्टरकडे ५ ते १८ वर्षांचे आपल्या भारतीय मुलांचे तक्ते असतात, इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचे २०१५ चे, त्यावर दोन टिंबं मांडली की पाच मिनिटांत कळतं. घरी आरशात बघून आणि शेजारच्या पोराशी तुलना करून कळत नाही.

काल परत गेलो होतो. त्याने स्वतः ऑर्डर केली. आलू टिक्की दोन, कोल्ड्रिंक नको, पाण्याची बाटली आपली घरची, रेग्युलर फ्राइज एक सगळ्यांत मिळून, आणि काउंटरवर खालच्या आवाजात, नुसतं खेळणं विकत मिळतं का. नाही मिळत म्हणाला तो मुलगा. दुसरा बर्गर पाऊण खाल्ला आणि थांबला, बास म्हणाला. रात्री नऊला दोन पोळ्या आणि दुधीची भाजी, दुधीची हां, कुरकुर करत का होईना पण खाल्ली. तो पाव बर्गर आणि तळाच्या फ्राइज मी संपवल्या, आणि माझे २११० तर दुपारच्या बिर्याणीतच पार झाले होते.